मुदतीतला दिवस

१

आमच्या हॉस्पिटलात रुग्णाच्या घरच्यांना पहिल्याच दिवशी एक धडा मिळतो. धोक्याची पाटी दिसली तरी थांबायचं नाही, बाजूने वाट काढायची.

हा धडा देणारे आम्ही, म्हणजे संगणक विभाग. संगणक विभाग म्हणजे मी, साहेब, आणि साहेबांची खुर्ची, जिच्यावर साहेब क्वचित सापडतात.

वरच्या मजल्यावर संसर्गाच्या रुग्णांचा वॉर्ड आहे. तिथे घरच्यांना सोडत नाहीत. त्यांच्यासाठी तळमजल्यावर भेटीची खोली आहे. प्लायवुडचे आडोसे घालून केलेल्या केबिनी, प्रत्येकीत एक कॉम्प्युटर आणि एक कॅमेरा. वर प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी लोखंडी दांड्यावर तसाच स्क्रीन. खाली खाटेचा नंबर टाकला की वरचं माणूस दिसतं, बोलतं. खोलीत एसी सतत घरघरत असतो आणि त्याच्याखाली सगळ्या केबिनींतून तेच दबकं बोलणं चालू असतं. जेवलीस का. झोप लागली का. डॉक्टर काय म्हणाले.

पण माणूस दिसण्याआधी ते पान यायचं. लाल त्रिकोण, आणि खाली ‘तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही. समोर दुसरंच कुणीतरी असू शकतं.’ मग मोठं निळं बटण, ‘परत फिरा’. आणि तळाशी, बारीक करड्या अक्षरांत, ‘धोका पत्करून पुढे जा’.

कारण अगदी साधं होतं. प्रत्येक साइटकडे एक सर्टिफिकेट असतं, ओळखपत्रासारखं. ते दाखवलं की ब्राउझर विश्वास ठेवतो. त्याला मुदत असते. आमच्या सर्टिफिकेटची मुदत संपून गेली होती. नवं घ्यायला साहेबांची सही आणि माझी एक दुपार, एवढंच लागत होतं.

“सर, आपण घाबरलेल्या माणसांना इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायला शिकवतोय,” मी पुन्हा एकदा म्हणाले. “उद्या बँकेच्या साइटवर हेच पान आलं तर काय करतील ते?”

“काय करतील?”

“पुढे जातील!”

“मग बरंय की. अडून तर बसणार नाहीत.” साहेब चष्मा पुसत म्हणाले. “अगं, नवीन आहेस, रक्त गरम आहे. चालतंय ना? चालू दे.”

‘चालतंय ना’ ऐकलं की माझ्या डोक्यात जातं. या एका वाक्यावर अख्खं हॉस्पिटल उभं आहे, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

फक्त भेटीच्या खोलीतल्या शेवटच्या केबिनीत ते पान येत नव्हतं. हे माझ्या ध्यानात यायला उशीरच झाला. तक्रार नसलेल्या मशीनकडे कोण बघतं?

२

भेटीची खोली काकूंच्या ताब्यात असते. कुणाला कुठे बसवायचं, कुणाला रडून झाल्यावर पाणी द्यायचं, सगळं त्या बघतात. मला त्या पहिल्या दिवसापासून ‘इंजिनीअरबाई’ म्हणतात, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती ते मला कधी कळलेलं नाही.

शेवटच्या केबिनीतलं मशीन मी उघडलं तेव्हा कोपऱ्यातली तारीख चुकीची होती. कितीतरी मागची. मी जुनं सर्टिफिकेट काढून पाहिलं. मुदतीचा शेवटचा दिवस हाच होता.

“ती मीच मागे घेते,” काकू दारातून म्हणाल्या. “सकाळी आल्या आल्या. तुमच्या आधी होते ना इथे, त्यांनी शिकवलेलं. तारीख मागे घेतली की ते लाल थोबाड येत नाही.”

“काकू, अहो, ही फसवणूक झाली! कॉम्प्युटरला खोटी तारीख सांगितली म्हणून मुदत वाढते का?”

“वाढत नाही, तर चालतं कसं?”

“चालत नाही. तो फक्त गप्प बसतो. घड्याळात मुदतीतला दिवस दिसला की त्याचं समाधान होतं. वरच्या कॅमेऱ्याला तुमच्या घड्याळाचा पत्ताही नसतो. तो जे आहे तेच दाखवतो. आत्ताचं.”

“हो का,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

“आणि एकाच मशीनवर का? करायचंच होतं तर सगळ्यांवर करायचं.”

“नाही,” त्या एकदम म्हणाल्या. “सगळ्यांवर नाही करायचं.”

“का?”

“चहा घेणार का तुम्ही?”

मी तारीख सरळ केली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मागे गेलेली होती. मी पुन्हा सरळ केली. पुन्हा मागे. काकू माझ्याशी भांडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मुकाट्याने चहा देत राहिल्या. त्याचाच मला जास्त राग आला.

३

टेलरकाका दुपारी यायचे. गळ्यातला टेप काढायचा राहून गेलेला, नखांत खडूची पांढरी रेघ. इतर केबिनी मोकळ्या असल्या तरी ते शेवटच्याच केबिनीत बसायचे, आणि तिथे कुणी असलं तर भिंतीला टेकून उभे राहायचे. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते हेडफोन लावत नसत. स्पीकर मोठा करून बोलायचे.

त्या दिवशी मी शेजारच्या केबिनीत टेबलाखाली वायर शोधत होते. मधल्या प्लायवुडमधून सगळं ऐकू येत होतं.

“हाच शर्ट?” बाईचा आवाज. दमलेला, पण चेष्टेचा.

“का? बरा नाही दिसत?”

“दिसतो की. पण कालही हाच होता.”

“धुऊन घातला.”

“तुम्ही? धुतला? आता मात्र मला घरी यायलाच पाहिजे.” ती हसली, आणि त्या हसण्यातून खोकला सुरू झाला. तो बराच वेळ थांबेना. काका “हळू, हळू” म्हणत राहिले. मग तिने विचारलं, “अहो, अजून आजच आहे का?”

“हो गं. होईल आता संध्याकाळ.”

मी उठले आणि आडोशावरून पाहिलं. स्क्रीनवर एक बारीक बाई, नाकात नळी. तिच्या मागे निळा पडदा हलत होता, आणि भिंतीवर उन्हाचा एक तिरका पट्टा.

पडद्यामुळे मी जागच्या जागी थिजले. वॉर्डात निळे पडदे होते ते फक्त खिडकीकडच्या रांगेला, आणि आता तिथे पडदेच नाहीत. छत गळायला लागल्यावर ती रांग बंद केली, पडदे उतरवले. तिथले स्क्रीन तर मी स्वतः, याच हातांनी, स्क्रू काढून खाली आणले होते.

मी जिन्याने वर पळाले. रांग तशीच होती. गाद्या गुंडाळलेल्या, खाटांच्या नुसत्या लोखंडी पट्ट्या, खाली बादल्या आणि त्यांत पडणारं पाणी. टेलरकाकांनी टाकलेल्या नंबरची खाट खिडकीशी होती. पायथ्याचा दांडा मोकळा होता.

“टेलरची बायको?” सिस्टर औषधांची ट्रॉली लावत म्हणाल्या. “गेली ती. तू नोकरीला लागायच्या आधीच.”

जिना उतरेपर्यंत मी मनाशी सगळा उलगडा करून टाकला. रेकॉर्डिंग. कुणीतरी जुन्या भेटीचं रेकॉर्डिंग ठेवलंय, आणि बिचारे काका रोज तेच बघतात. शर्टचं बोलणं? रोज ऐकून पाठ झालंय, मग ते रोज तोच शर्ट घालून येतात आणि तीच उत्तरं देतात. किती वाईट, किती साधं! मला जवळजवळ आनंद झाला. दुःखाला जागा करून देणारी आणखी एक ढिलाई, बस. शोधून काढता येईल अशी.

४

दुसऱ्या दिवशी काका यायच्या आधी मी स्वतः त्या केबिनीत बसले आणि नंबर टाकला.

निळा पडदा आला. ती आली. तिने डोळे बारीक केले.

“कोण गं तू?”

रेकॉर्डिंगशी कोण बोलतं?

“केसांत पेन अडकलंय बघ तुझ्या,” ती म्हणाली.

माझा हात वर गेला. पेन होतं.

त्यानंतर माझ्याकडे उलगडा राहिला नाही. एसीची घरघर ऐकू येत होती. शेजारच्या केबिनीत कुणीतरी आपल्या बाबांना लिंबू-सरबताचं विचारत होतं. माझे पाय फरशीवर होते. मी हे सगळं एकेक तपासून पाहिलं.

“हे नाही आले?” तिने विचारलं.

“येतील. आता येतील.”

“बाळ, एक विचारू? तू खरं सांगशील, चेहऱ्यावरून वाटतंय. हे म्हणतात संध्याकाळ होईल. त्या खालच्या बाई पण तेच म्हणायच्या. पण उन्हाचा तो पट्टा भिंतीवरून हलत नाही गं. केव्हाची बघतेय मी.” तिने श्वास घेतला. तो पुरला नाही, म्हणून पुन्हा घेतला. “रात्र झाली तर निदान झोप लागेल. अजून आजच आहे का?”

मी ब्राउझरची खिडकी बंद केली. स्क्रीन काळा झाला, आणि त्या काळ्यात माझ्या मागे टेलरकाका उभे दिसले.

“बोलली का काही?” त्यांनी विचारलं.

“काका, त्या... तुम्हाला माहीत आहे ना?”

“न माहीत असायला काय झालं? याच हातांनी नेलं मी तिला.” ते खुर्चीवर बसले. “शेवटचे दिवस तिला बोलताच येत नव्हतं. त्याच्या आधी येत होतं. या दिवशी येतंय.”

“पण त्यांना त्रास होतोय! श्वास पुरत नाही त्यांना. त्यांचा तो दिवस संपत नाहीये, काका. कळतंय का तुम्हाला, संपत नाहीये!”

“मी बहिरा आहे, आंधळा नाही. दिसतं मला.”

“मग संपू द्या ना!”

त्यांनी टेप बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. “तुमचं कुणी गेलंय का, ताई?”

“नाही.”

“मग बसा शांत.”

मी शांत बसणाऱ्यातली नाही. काकूंना मी बाहेर गाठलं. त्या म्हणाल्या, “आधी आधी मीही समजावलं हो त्यांना. मग सोडून दिलं. माणूस संध्याकाळी घरी जाऊन जेवतो तरी. न भेटता गेला तर जेवत नाही.”

“आणि वर ती जी आहे तिचं काय?”

काकूंनी पदराने खिडकीची काच पुसली. ती स्वच्छच होती.

त्या रागातच मला उपाय सुचला. नव्या सर्टिफिकेटची मुदत नव्या तारखेपासून सुरू होते. मग मागे घेतलेलं घड्याळ ब्राउझरला चालणार नाही. तो दिवस मुदतीतला राहणार नाही. कुणाच्या हातापाया पडायला नको, कुणाला समजवायला नको. दार आपोआप बंद होईल आणि ती सुटेल. मी साहेबांच्या घरी जाऊन सही घेतली. नाही दिलीत तर वर लेखी कळवते, असं तोंडावर सांगून.

“घे बाई,” साहेब म्हणाले. “तुझं समाधान होऊ दे.”

५

नवं सर्टिफिकेट मी भर दुपारी चढवलं. भेटीच्या खोलीत एकेका केबिनीत स्क्रीनवर थेट माणसं उगवली. मध्ये लाल त्रिकोण नाही, काही नाही. पत्त्याच्या शेजारी छोटं बंद कुलूप. एक बाई म्हणाली, “अगंबाई, आज ते आलंच नाही!” आणि मला खरंच अभिमान वाटला. तेवढी काही मिनिटं.

शेवटच्या केबिनीत मात्र लाल पान आलं होतं. ‘तुमचं घड्याळ मागे आहे.’ या पानाच्या तळाशी ‘पुढे जा’ नव्हतं. टेलरकाका माऊसवर हात ठेवून बसले होते.

“उघडत नाही, ताई.”

“नाही उघडणार, काका. संपलं ते. त्या सुटल्या.”

“मी तिला येतो म्हणून सांगितलं होतं.”

त्यांचा चेहरा बघवेना. वाटलं, रिकामी खाट एकदा डोळ्यांनी बघितली की पटेल त्यांना. मी तारीख सरळ केली, पुन्हा कुणाला बदलता येऊ नये म्हणून पासवर्ड घातला, आणि त्यांच्यादेखत नंबर टाकला. तिथे आता कॅमेराच नाही. ‘सापडत नाही’ एवढंच यायला हवं होतं.

इशारा आला नाही. पत्त्याशेजारी कुलूप बंद झालं. निळा पडदा हलला.

“आलात?” ती म्हणाली. “कुठे गेला होतात मध्येच?”

काकांनी स्क्रीनला दोन्ही हात लावले. मी कोपऱ्यातली तारीख पाहिली. आजची होती. सर्टिफिकेट उघडलं. सगळं जिथल्या तिथे, माझंच काम, त्यात एक खोट काढता आली नसती. शेजारच्या केबिनीतली मुलगी पाणी प्यायला उठली होती, तिच्या मशीनवर नंबर टाकला. पडदा, ऊन, ती. माझ्या फोनवर टाकला. तिथेही तीच, तिथेही कुलूप. मग मी ती खाट सर्व्हरवरून काढून टाकायला गेले. सर्व्हरवर त्या नंबरची खाटच नव्हती.

आता हे खोटं आहे असं म्हणणारं कुठेही काही उरलं नव्हतं.

काकू माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. “आधी ते पान नको नको तरी म्हणायचं,” त्या हळू म्हणाल्या.

केबिनीतून तिचा आवाज आला. “अहो, अजून आजच आहे का?”

“हो गं,” काका रडत म्हणाले. “आजच आहे.”

६

खोटं बोलून बोलून सगळ्यांनी तिला तिथे ठेवलंय, असं मला वाटलं. काकांनी, काकूंनी, त्या घड्याळाने. खरं कुणी सांगितलंच नाही तिला. मग मी सांगेन. समोर उभी राहून.

मी माझ्या फोनवरून काकूंच्या फोनला कॉल लावला, त्यांचा फोन स्पीकरवर टाकून स्क्रीनसमोर बसलेल्या काकांच्या हातात दिला आणि वर गेले.

बंद रांगेत कुणी नव्हतं. बादलीत थेंब पडत होते. आभाळ भरलेलं होतं आणि भिंतीवर उजेड असा नव्हताच. मी खिडकीजवळच्या खाटेशी जाऊन लोखंडी पट्ट्यांकडे बघत उभी राहिले.

“काका, ऐकू येतंय?”

“दिसताय तुम्ही,” फोनमधून काका म्हणाले.

“मी? कुठे?”

“तिच्या उशाशी. जरा डावीकडे व्हा, नळीवर पाय पडेल.”

मी डावीकडे झाले.

“आता ठीक. तिने ओळखलं तुम्हाला. पेनवाली म्हणते.” काका हसले. “हात पुढे करतेय ती.”

मी हात पुढे केला. पट्ट्यांच्या वर, हवेत. फटीतून वारा येत होता, तेवढाच हाताला लागला.

“धरला,” काका म्हणाले.

“काकी,” मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण बारीक झालेला. “काकी, तो दिवस संपलाय. केव्हाच संपला. तुम्ही त्यातून गेलात, तुमचा त्रास संपला. आज तो दिवस नाही. तुम्ही आता जाऊ शकता.”

फोनमधून काकांचा श्वास येत होता, आणि त्याच्या मागून आणखी एक. घेतलेला, न पुरलेला, पुन्हा घेतलेला.

“काय म्हणाल्या?”

“ओठ हलताहेत. थांबा.” मग काकांचा आवाज बदलला. “ती विचारतेय, मग मी अजून इथे का?”

मी त्या पट्ट्यांकडे बघत राहिले. मला उत्तर माहीत असेल असं धरूनच मी वर आले होते.

“सांगा की, ताई. वाट बघतेय ती.”

“मला माहीत नाही.”

“जोरात बोला.”

“मला माहीत नाही, काकी!”

बादलीत एक थेंब पडला. मी हात मागे घेतला. तो सहज आला, अडवायला काही नव्हतंच. मी वळले आणि दाराकडे चालू लागले. दार उघडं होतं, पलीकडे सिस्टर कुणालातरी ओरडून उशी बदलायला सांगत होत्या.

“ताई, थांबा!” काका ओरडले. “उठली ती! उतरतेय खाटेवरून. नळी ताणली गेलीय, निघेल ती, थांबा हो!”

मी थांबले.

“मागेच आहे तुमच्या,” ते म्हणाले. “उभं राहवत नाहीये तिला. तुमचा हात धरलाय. दोन्ही हातांनी धरलाय.”

मी हाताकडे पाहिलं. तो मोकळा होता, नुसता बाजूला लोंबत होता. मला तो हलवता आला असता. मी हलवला नाही.